पानामागे दहा डॉलर

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या वाचनालयात ‘मुंबईला स्वतःचा सुपरहिरो का नाही?’ या विषयावर परिसंवाद झाला. वक्ते तीन, श्रोते चाळीसेक, मध्यंतरात चहा. पहिले वक्ते म्हणाले, उडणारा माणूस सुचायला आधी उडून ओलांडाव्यात अशा इमारती लागतात. न्यूयॉर्कमध्ये त्या १९३० च्या सुमारासच होत्या, आपल्याकडे आत्ता कुठे उभ्या राहतायत. दुसऱ्यांनी ते लगेच खोडलं. सुपरमॅन क्लीव्हलँडच्या दोन पोरांनी रचला, त्यात न्यूयॉर्कचा काय संबंध? प्रतिभेला पिनकोड नसतो, असं एक टाळीचं वाक्यही त्यांनी सोडलं. तिसऱ्यांनी दोघांचंही बरोबर आहे म्हणून आपली दहा मिनिटं काढली.

माझ्या मते दोघंही चुकत होते, आणि दोघांची चूक एकच होती. एकाला चौकटीतल्या इमारती दिसत होत्या, दुसऱ्याला चित्रकाराच्या घराचा पत्ता. पानाचा दर कोण ठरवत होतं, पुरं झालेलं पान कुठल्या कचेरीत नेऊन द्यायचं होतं, छापलेले अंक कुणाच्या गाडीत चढत होते आणि बोंब झाली की कुठल्या कोर्टात उभं राहायचं होतं, हे दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही. न्यूयॉर्क ही कॉमिक्सची प्रेरणा होती की नाही यावर वाद घालत बसण्यात मला रस नाही. ती कॉमिक्सची पेढी होती, हे नक्की. या कलेचा आकार, तिची घाई, तिची सफाई आणि तिच्या कारागिरांची लुबाडणूक, सगळं त्या एकाच खातेवहीत आहे.

क्लीव्हलँडचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सगळ्यांत वजनदार आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँडचे, सुपरमॅन तिथलाच, हे शंभर टक्के खरं. पण ती कल्पना घेऊन ही पोरं काही वर्षं वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या संस्थांचे उंबरे झिजवत होती आणि सगळीकडून नकार येत होता. मग १९३८ मध्ये असं काय झालं? प्रतिभा वाढली? तसं काही नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात तोवर एक नवा माल आला होता: दहा सेंटांचं चित्रांचं पुस्तक. त्याचा जन्मही काही थोर नाही. कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या एका रंगीत छापखान्याची यंत्रं मधल्या वेळात रिकामी राहायची. मॅक्स गेन्स या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्तमानपत्रांतल्या जुन्या चित्रपट्ट्या दुमडलेल्या छोट्या पानांवर छापून १९३३ मध्ये जाहिरातीसाठी वाटल्या. १९३४ मध्ये ‘फेमस फनीज’ दहा सेंटांना पेपरवाल्यांकडे विकायला ठेवलं. खप झाला. हां हां म्हणता जुन्या पट्ट्या कमी पडू लागल्या आणि नवा, स्वस्त मजकूर हवा झाला. पोकळी अशी तयार झाली. सुपरमॅन त्या पोकळीत भरला गेला.

भरला गेला म्हणजे कसा, तेही पाहण्यासारखं आहे. सीगल-शुस्टरने तो वर्तमानपत्रासाठी आडव्या पट्ट्यांत काढला होता. न्यूयॉर्कहून निरोप आला, याची पुस्तकाची पानं करून द्या. त्यांनी पट्ट्या कात्रीने कापल्या, चौकटी पुन्हा डकवल्या आणि १३ पानं जुळवली. पानामागे दहा डॉलर या दराने १३० डॉलर झाले. १ मार्च १९३८ च्या त्या चेकवर एकूण रक्कम आहे ४१२ डॉलर. इतर कामांच्या बिलांबरोबर एका ओळीत सुपरमॅन आणि समोर १३०. नावं चुकीची लिहिली होती, म्हणून चेकच्या पाठीमागे दोघांना दोन-दोन सह्या कराव्या लागल्या, एक चुकीच्या स्पेलिंगची, एक खरी. या रकमेत सुपरमॅनचे सगळे हक्कही गेले. २०१२ मध्ये तो चेकच लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. सुपरमॅन क्लीव्हलँडचा, कबूल. पण त्याला कापणारी कात्री, त्याचा दर आणि त्याचा मालक न्यूयॉर्कचा होता. जगाने वाचला तो हा कापून जोडलेला सुपरमॅन.

आता इमारतीवाल्यांकडे वळू. बॅटमॅनचं गॉथम हे त्यांचं लाडकं उदाहरण. अंधारी शिखरं, छपरावरचे दगडी राक्षस, खाली धूर. पण हे नाव आलं कुठून? बॅटमॅनचा लेखक बिल फिंगर सांगायचा, की टेलिफोन डिरेक्टरी चाळताना एका सराफाच्या दुकानाच्या नावात त्याला ‘गॉथम’ दिसलं. न्यूयॉर्कचं हे चिडवायचं नाव जुनंच, वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८०७ मध्ये रूढ केलेलं. म्हणजे मान वर करून आकाशाकडे बघताना नव्हे, मान खाली घालून डिरेक्टरीत बोट फिरवताना गॉथम सापडलं. फिंगर आणि बॅटमॅनचा चित्रकार बॉब केन चर्चेला बसायचे ते न्यूयॉर्कमधल्याच ब्राँक्सच्या पो पार्कात, बाकावर, फुकटात.

फिंगर आणि केन दोघंही ब्राँक्सच्या डेविट क्लिंटन हायस्कूलचे. विल आयझनर त्याच शाळेचा. स्टॅन ली त्याच शाळेचा. एका सरकारी शाळेतून एका धंद्याचे चार खांब निघतात, तेव्हा पाण्याचा गुण वगैरे म्हणायचा मोह होतो. पण शाळा सुटल्यावर ही मुलं जाणार कुठे होती? बहुतेक पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली. मॅडिसन अव्हेन्यूच्या जाहिरात कंपन्या आणि गुळगुळीत कागदावरची मासिकं ज्यू नावाच्या चित्रकाराला सहसा दारात उभं करत नव्हती. कॉमिक्सच्या कचेऱ्या करत होत्या, कारण त्यांचे मालकही त्याच मोहल्ल्यांतून आलेले आणि त्या धंद्याला तशीही अब्रू नव्हती. तरी नावं बदललीच: कान याचा केन झाला, लिबरचा ली, कर्ट्झबर्गचा कर्बी. दारिद्र्य, बंद दारं आणि एक बदनाम पण उघडं दार, हे तिन्ही चालत जाण्याच्या अंतरात असणं म्हणजे महानगर. क्लीव्हलँडमध्येही दारिद्र्य होतं, बंद दारं होती. उघडं दार नव्हतं.

त्या दारामागे काय चालायचं, इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा सगळा भार याच मुद्द्यावर आहे. १९३६ मध्ये आयझनर आणि जेरी आयगर यांनी मॅनहॅटनमध्ये एक छोटी जागा भाड्याने घेऊन कॉमिक्सचा कारखाना काढला. प्रकाशकाला पानं तयार हवी असायची, ही मंडळी ती पुरवायची. सुरुवातीला आयझनरच पाच-पाच नावांनी चित्रं काढायचा, म्हणजे कारखान्यात माणसं भरपूर आहेत असं वाटावं. आपलंच आडनाव उलटं लिहून त्याने ‘रेन्सी’ नावाचा चित्रकार तयार केला होता. पुढे खरी माणसं आली. एक गोष्ट लिहिणार, दुसरा पेन्सिलने आकृत्या काढणार, तिसरा शाई फिरवणार, चौथा फुग्यांतली अक्षरं, पाचवा मागची घरं-दारं. पान टेबलावरून टेबलावर सरकायचं. ही पद्धत कुठल्या कलाशाळेत शिकवत होते? कुठल्याच नाही. ती लोअर ईस्ट साइडच्या कपड्यांच्या कारखान्यांत होती. कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, काजं करणारा वेगळा, आणि मजुरी नगावर. चित्रकार जॅक कर्बीचे वडील अशाच कारखान्यात कामाला होते. आईबापांनी शर्टामागे जे सोसलं, ते पोरांनी पानामागे सोसलं.

आता कुणी म्हणेल, ही कारखानदारी झाली, कला कुठे आहे यात? आहे ना. घाईत काम उरकायचं म्हणून मागचं दृश्य काळ्या शाईने भरून टाकलं जातं आणि त्यातून अंधाराची एक भाषा तयार होते. चित्रकार वेगळा, शाईवाला वेगळा, म्हणून रेघ अशी काढावी लागते की दुसऱ्याला एका नजरेत कळावी. प्रत्येक पान वेगळं मोजलं जातं, म्हणून पान हेच रचनेचं माप होतं. आयझनर पुढे ‘स्पिरिट’ या आपल्या मालिकेत पहिल्या पानावर नावाची अक्षरंच इमारतींसारखी उभी करायचा. पहिले वक्ते त्यात इमारती बघतील. मला सात पानांत गोष्ट बसवण्याची धडपड दिसते, शीर्षकालाही कामाला जुंपणारी. कारखान्यांनी दारंही किलकिली ठेवली. मॅट बेकर हा कृष्णवर्णीय चित्रकार आयगरच्या कारखान्यात नावारूपाला आला. नाझी व्हिएन्नातून जीव वाचवून आलेली लिली रेने फिक्शन हाउस या प्रकाशनात युद्धकथा काढत होती. कुणाच्या उदारपणाची ही गोष्ट नाही. पानं वेळेवर हवी होती, हात कुणाचा आहे हे बघायला सवड नव्हती.

इमारतीवाल्यांना एक गोष्ट मोकळेपणाने देतो. शहराचा रस्ता चित्रात उतरला, हे खरं. फेब्रुवारी १९३९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकन नाझींचा मेळावा भरला, वीस हजारांच्या आसपास माणसं. पुढच्या वर्षी डिसेंबरात जो सायमन आणि कर्बी यांचा ‘कॅप्टन अमेरिका’ बाजारात आला, मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर ठोसा. अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं. कचेरीला धमक्या आल्या आणि महापौर ला ग्वार्दिया यांनी फोन करून संरक्षणाचा शब्द दिला, असं सायमनने लिहून ठेवलंय. हा ठोसा कान्सासच्या शेतात बसून सुचला असता का? मला शंका आहे. पण हे इमारतींचं देणं नाही, गल्लीचं आहे. (याच ला ग्वार्दियांनी १९४५ च्या जुलैत वर्तमानपत्र वाटणाऱ्यांचा संप झाला तेव्हा नभोवाणीवर बसून मुलांना चित्रपट्ट्या वाचून दाखवल्या, त्यात डिक ट्रेसीही. तो ट्रेसी शिकागोचा. न्यूयॉर्कचा महापौर शिकागोच्या पोलिसाचे आवाज काढतोय, याला काय म्हणावं!)

वितरण या रुक्ष विषयावरून आपल्याकडे कुणी परिसंवाद घेत नाही, पण मार्व्हलचं जग त्याशिवाय कळत नाही. १९५७ मध्ये मार्टिन गुडमनच्या, म्हणजे पुढे मार्व्हल झालेल्या, कंपनीचे अंक नेणारी मोठी वितरण संस्था बंद पडली. नाइलाजाने त्याला सुपरमॅन-बॅटमॅन काढणाऱ्या प्रतिस्पर्धी डीसीच्याच वितरण कंपनीकडे जावं लागलं. अट पडली: महिन्याला आठच अंक. नवा नायक आणायचा तर जुनं काही बंद करा, नाहीतर एका अंकात दोन नायक कोंबा. ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’मध्ये आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका शेजारी-शेजारी राहिले ते यामुळे, एका खोलीत दोन बिऱ्हाडं असावीत तसे. थोडे अंक, एक संपादक, मोजके चित्रकार. स्टॅन ली, म्हणजे गुडमनच्या बायकोचा मामे-मावस नात्यातला भाऊ, ओळखीने चिकटलेला आणि दौती भरण्यापासून सुरुवात केलेला, तो आता एकटा बहुतेक सगळे अंक लिहीत होता. वेळ नव्हता म्हणून गोष्ट तोंडी सांगायची, कर्बीने किंवा स्टीव्ह डिटकोने ती रचून, चितारून आणायची, मग संवाद भरायचे. ही पद्धत चालली, कारण चित्रकार लाँग आयलंडहून गाडी पकडून कचेरीत येऊ शकत होता. आणि पात्रं एकमेकांना भेटू लागली, कारण ती सगळी एकाच खऱ्या शहरात राहायला आली होती. १९६२ चा स्पायडरमॅन क्वीन्सच्या फॉरेस्ट हिल्सचा, १९६४ चा डेअरडेव्हिल हेल्स किचनचा, डॉक्टर स्ट्रेंजचं घर ब्लीकर स्ट्रीटवर. ज्या ‘विश्वा’चं आज एवढं कौतुक चालतं, त्याची बरीचशी वीण आठ अंकांच्या मर्यादेत आणि एका माणसाच्या दमछाकीत आहे.

अर्थात एकाच ठिकाणी सगळं असण्याची किंमत असते. ती १९५४ मध्ये मोजावी लागली. डॉ. फ्रेडरिक वर्थम हे नाव कॉमिक्सप्रेमी दात-ओठ खाऊन घेतात. मला हा गृहस्थ इतका सोपा वाटत नाही. हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात त्यांनी १९४६ मध्ये गरिबांसाठी मानसोपचाराचा दवाखाना काढला होता, फी २५ सेंट. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा मोडणाऱ्या खटल्यात त्यांची साक्ष कामी आली. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात हा त्यांचा निष्कर्ष मात्र कच्चा होता आणि नोंदींशी त्यांनी खेळही केला होता, हे पुढे उघड झालं. पण लक्षात घ्या, दवाखाना हार्लेममध्ये, प्रकाशक मॅनहॅटनमध्ये, आणि कॉमिक्सची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीची सुनावणीही मॅनहॅटनच्या फोली स्क्वेअरच्या कोर्टात. विल्यम गेन्स, त्या वॉटरबरीवाल्या मॅक्स गेन्सचा मुलगा, साक्षीला आला. समोर त्याच्याच अंकाचं मुखपृष्ठ धरलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तुटलेलं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाला, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे. धंद्याचं कंबरडं त्या उत्तराने मोडलं. प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर बंधनं घालणारी संहिता काढली आणि तिच्यावर बसवले न्यूयॉर्कचेच एक माजी मॅजिस्ट्रेट, चार्ल्स मर्फी. पुढे गेन्सने एक विज्ञानकथा पाठवली. तिच्या शेवटच्या चौकटीत अंतराळवीर शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय असतो. मर्फींचं म्हणणं, तो काळा चालणार नाही. कथेचा अर्थच त्या चौकटीत होता. गेन्स अडून बसला, कथा जशीच्या तशी छापली आणि कॉमिक्सचं दुकान मिटवून ‘मॅड’ मासिक तेवढं चालू ठेवलं. देशभर विखुरलेला धंदा एका समितीला इतक्या सहज आवळता आला असता? पेढी एका पेठेत होती, म्हणून एका पेठेतल्या कुलपाने बंद झाली.

मग कार्ल बार्क्सचं काय, असं माझा एक मित्र विचारतो, आणि तो मुद्दा मला खरंच अडवतो. डोनाल्ड डकच्या उत्तमोत्तम गोष्टी या माणसाने कॅलिफोर्नियातल्या लहान गावात एकट्याने बसून लिहिल्या आणि काढल्या. कारखाना नाही, मोहल्ला नाही, कोंबड्या पाळून झालेल्या. त्याच्या चौकटीत न्यूयॉर्कचा कण नाही. मान्य. शहराशिवाय थोर कॉमिक्स होतं, याला बार्क्स पुरावा आहे. फक्त एवढंच, की त्याची पानंही विस्कॉन्सिनच्या छपाईसंस्थेमार्फत न्यूयॉर्कच्या डेल प्रकाशनाकडेच जायची, आणि १९६० पर्यंत वाचकांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. एकांताने त्याची शैली वाचवली. त्याचा हिशेब काही त्या एकांताने ठेवला नाही. बेल्जियममध्ये ‘स्पिरू’ हे कॉमिक्सचं साप्ताहिक मार्सिनेलसारख्या खाणपट्ट्यातल्या गावातून निघालं, कारण छापखानाच तिथे होता. हेही माझ्या बाजूचं नाही असं कुणाला वाटेल; मला वाटतं, ते माझ्याच बाजूचं आहे, कारण मी इमारतींची उंची मोजतच नाहीये. जपानात कॉमिक्सकार ओसामू तेझुकाचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४७ मध्ये ओसाकातून आलं, पण मासिकं टोकियोत, म्हणून तोही टोकियोला गेला. तिथली तोकिवा-सो ही लाकडी इमारत: लहान खोल्या, सामायिक स्वयंपाकघर, सामायिक संडास. गिरगावातल्या माणसाला समजावून सांगायला नको. तेझुकापाठोपाठ तिथे राहिलेल्या पोरांनी पुढची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, घडवली. तिथेही उंच इमारतींनी नव्हे, स्वस्त खोलीने आणि जवळ असलेल्या संपादकाने काम केलं.

आपला स्वतःचा अनुभव तरी वेगळा आहे का? माझ्या पिढीने वेताळ वाचला तो इंद्रजाल कॉमिक्समध्ये, १९६४ पासून बोरीबंदरच्या टाइम्सच्या कचेरीतून निघणाऱ्या. मूळ पट्टी न्यूयॉर्कच्या किंग फीचर्स या चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या संस्थेची. वेताळाचा देश मुळात ‘बंगाला’, इथे तो ‘डेंकाली’ झाला, कारण भारतीय वाचकाचा घोळ होईल. वर्तमानपत्राच्या पट्ट्या इथेही कापून पानांवर मांडल्या गेल्या. कात्री तीच, शहर दुसरं. तीन वर्षांनी मुंबईतूनच अनंत पै यांची अमर चित्र कथा सुरू झाली. राम वाईरकरांनी काढलेला कृष्ण घराघरांत गेला. मुंबईला नायक मिळाले नाहीत असं कोण म्हणतं? फक्त ते उडत नव्हते आणि पुराणातून आले होते.

सीगल आणि शुस्टर यांना १९७५ मध्ये, बरीच ओरड झाल्यावर, वर्षाला वीस-वीस हजार डॉलरचं निवृत्तिवेतन आणि श्रेय परत मिळालं. बिल फिंगर त्याआधीच, १९७४ मध्ये, हलाखीत गेला. बॅटमॅनखाली त्याचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. पो पार्काजवळच्या रस्त्याला आता त्याच्या नावाची पाटी आहे. त्याच २०१५ मध्ये डीसीने न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात बस्तान हलवलं आणि लोक हळहळले, एक पर्व संपलं म्हणून. मला ते पर्व खूप आधी पातळ झालेलं दिसतं. १९७१ मध्ये डीसीची माणसं मनिलाला गेली, तिथल्या उत्तम चित्रकारांना अमेरिकेपेक्षा कमी दरात कामाला लावून आली. विमानाने पानं जाऊ-येऊ लागल्यावर दाराजवळ राहण्याची गरज संपली. दर ठरवणारी खुर्ची मात्र तिथेच राहिली.

परिसंवादाच्या शेवटी प्रश्नोत्तरं झाली. मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला, विशी-बाविशीचा, खांद्याला चित्रांची लांब नळी. म्हणाला, “सर, मी कॉमिक्स काढतो. आपल्याकडे पानामागे साधारण किती देतात?” व्यासपीठावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरे वक्ते म्हणाले, पैशाचा विचार आधी करू नये. सूत्रसंचालक बाईंनी घड्याळ बघितलं आणि आभार मानायला सुरुवात केली.